बारावं कार्ड

१

सोमवारी मुलाखतीसाठी बारा खुर्च्या मांडल्या होत्या. अकरा भरल्या आणि बारावी संध्याकाळपर्यंत रिकामी राहिली. मंगळवारी सकाळी साडेदहाला त्या खुर्चीची मालकीण कचेरीत हजर झाली, आणि आली ती तणतणतच.

"लेखी परीक्षेत माझा पहिला नंबर होता ना? मग मुलाखतीला मलाच का नाही बोलावलं?"

सुभाष कर्णिकांनी चष्मा कपाळावर सरकवला. समोर बावीसेक वर्षांची मुलगी उभी होती. साधा पंजाबी ड्रेस, खांद्याला कापडी पिशवी, आणि चपलांच्या कडांना वाळलेल्या मिठाची पांढरी रेघ.

"नाव?"

"संजना घरत. बी.कॉम. राहणार उलवे."

पनवेलच्या टपाल नाक्याजवळची ही दोन खोल्यांची कचेरी एका वखार कंपनीची होती. द्रोणागिरीला कंपनीची मोठी गोदामं उभी राहत होती. ज्यांच्या जमिनी त्यासाठी गेल्या, त्या घरांतल्या पदवीधरांसाठी चार कारकुनांच्या जागा राखल्या होत्या. एका घराला एकच नोकरी आणि एकदाच संधी. आतल्या खोलीत व्यवस्थापक उदयसिंह परदेशी बसत आणि बाहेरच्या खोलीत भरतीचे कारकून कर्णिक.

कर्णिकांचं वय त्रेपन्न. एकोणतीस वर्षं कारकुनी करून त्यांच्या सेवापुस्तकात चुकीची एकही नोंद नव्हती, आणि माणसाने जमवावं असं दुसरं काही त्यांनी जमवलंही नव्हतं. बायको शोभा तीन वर्षांपूर्वी गेली. मूलबाळ नाही. घरी वाट बघणारं कोणी नसलं की माणूस कचेरीत फार नीटनेटका होतो, तसे ते झाले होते.

त्यांनी शांतपणे नोंदवही उघडली.

"हे बघ. अठ्ठावीस जानेवारीला बारा कार्डं टपालात टाकली. प्रत्येकावर लाल शाईने क्रमांक. आणि कार्ड पेटीत टाकण्याआधी मी त्याचा एक कोपरा कात्रीने कापून घेतो आणि इथे नावासमोर डकवतो. मागल्या वर्षी एकाला दोन कार्डं गेली आणि दुसऱ्याला एकही नाही, तेव्हापासून ही युक्ती काढलीय. हा तुझ्या कार्डाचा कोपरा. म्हणजे कार्ड गेलं."

संजनाने त्या बोटाच्या पेराएवढ्या तुकड्याकडे पाहिलं. "गेलं तर पोचलं का नाही? काल संध्याकाळी मी टायपिंगच्या क्लासहून निघाले, तर एस.टी. स्टँडवर स्नेहा कडू दिसली. इस्त्रीची साडी, हातात फाईल. तिला विचारलं तेव्हा मला कळलं की मुलाखत होऊन गेली."

आतून उदयसिंहांचा आवाज आला. "कर्णिक, नियम माहीत आहे ना? गैरहजर म्हणजे नाव बाद. शुक्रवारी दुपारी चारला यादी मुंबईला जाईल. चूक मुलीची नव्हती असा पुरावा असेल तर त्याआधी आणा. नाहीतर त्या घराचा हक्क संपला."

संजनाचा सगळा ताठा उतरला. ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

"सर, आमच्या घरातून दुसरं कोणी नाही अर्ज करायला. आणि जमीन काय, एकदाच जाते."

कर्णिकांनी उगाच वहीची पानं सारखी केली. कार्ड गेलं होतं यात शंका नव्हती. म्हणजे ते वाटेत कोणाच्या तरी हातात अडकलं होतं.

"एक सांगाल?" संजनाने हळूच विचारलं. "जागा चार. मी बाद झाले तर चौथी कोण येते?"

कर्णिकांनी लेखी परीक्षेची यादी पाहिली. पाचव्या क्रमांकावर नाव होतं, स्नेहा कडू.

२

कडूंची जमीन गेल्यावर ते कुटुंब पनवेलला लाईन आळीत भाड्याने राहायला आलं होतं. संध्याकाळी कर्णिक तिथे पोचले, तेव्हा स्नेहाने दार उघडलं आणि त्यांना पाहताच तिचा चेहरा पडला.

"संजनाचं ना?" ती म्हणाली. "मला वाटलंच होतं कोणीतरी येईल."

कर्णिकांनी तिचं कार्ड मागितलं. तिने फाईलमधून काढून दिलं. लाल क्रमांक, वरचा उजवा कोपरा कापलेला, कात्री अगदी सरळ चाललेली. आपलंच काम पाहून कर्णिकांना बरं वाटलं.

"कार्ड आलं तेव्हा घरी कोण होतं?"

"आई. मी नळावर होते. येऊन बघते तर आई कार्ड हातात धरून उंबऱ्याबाहेर बसलेली आणि डोळ्यांना पदर. मी म्हटलं, अगं रडतेस काय, मुलाखतीचं पत्र आहे!"

"आनंदाने येतं रडू," कर्णिक म्हणाले.

आत भाजी चिरणाऱ्या वेणूबाई, म्हणजे स्नेहाची आई, काहीतरी बोलायला वळल्या. मग बाहेरच्या माणसासमोर कशाला, असं वाटून पुन्हा विळीकडे वळल्या. कर्णिकांनी ते पाहिलं आणि सोडून दिलं. तिथेच ते फसले, पण ते पुढे.

"संजनाला तू का सांगितलं नाहीस? मैत्रीण ना तुझी?"

"तीन वर्षं एका बाकावर बसलो. एकीला नोकरी लागली की तिने दुसरीला ओढायचं, असं ठरलं होतं." स्नेहा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. "ती काही बोलली नाही, तेव्हा मला वाटलं तिला बोलावलंच नाही. मग माझं कार्ड नाचवत तिच्याकडे कुठे जाऊ? आणि खरं सांगू? मला बरंही वाटलं. पहिल्यांदा मी तिच्या पुढे होते. त्या दिवसापासून मला जेवण गोड लागत नाहीये. पण कार्ड मी घेतलं नाही, सर. दिवाळीपासून मी उलव्याला पाऊल टाकलेलं नाही, कोणालाही विचारा."

कर्णिकांचा तिच्यावर विश्वास बसला. लबाड माणूस स्वतःच्या मनातलं असं कडू आपण होऊन वाढत नाही.

ते निघाले तशी स्नेहा दारापर्यंत आली. "उलव्याच्या पोस्टमनला विचारा. अनंता भोईर. त्याच्या हातून कार्ड हरवणं शक्यच नाही. गावात कोणाचंही कार्ड आलं तरी तो ओट्यावर बसून मोठ्याने वाचून दाखवतो आणि चहा घेतल्याशिवाय उठत नाही."

कर्णिक पायरीवरच थांबले. कार्ड वाचून दाखवलं असतं, तर अख्ख्या उलव्याला मुलाखतीची तारीख पाठ असती.

३

बुधवारी सकाळी टपाल कचेरीच्या मागच्या ओट्यावर अनंता भोईर पत्रं लावत बसला होता. पन्नाशीचा, काटक, तोंडाची टकळी सतत चालू. कर्णिकांनी संजना घरतचं नाव घेतलं आणि ती टकळी खट्‌कन थांबली.

"दिलं कार्ड," तो म्हणाला. "एकतीस तारखेला. बेस्तरवारी. रंभाकाकीच्या हातात दिलं."

"रंभाकाकी कोण?"

"संजनाची चुलती. पोरीचे आयबाप लहानपनीच गेले. काकीनंच वाढवली. घरात दोगीच."

"कार्ड वाचून दाखवलंत?"

"नाय."

"का? तुम्ही तर सगळ्यांना दाखवता म्हणे."

अनंताने एक पाकीट उचललं, पत्ता वाचला, पुन्हा तिथेच ठेवलं. "नाय वाचलं."

"चहा घेतलात त्यांच्याकडे?"

"नाय."

"पाणी?"

"पानी बी नाय घेतलं." त्याने मान वर केली. रोज हसणाऱ्या माणसाच्या तोंडावर असा भाव विचित्र दिसतो. "साएब, आमी घरोघर फिरतो. सगल्याच गोष्टी इचारू नयेत आनि सगल्याच सांगू नयेत. मी कार्ड दिलं, पाठ फिरवली, गेलो. फुडं त्या बाईला आनि तिच्या नशिबाला ठावं."

"अहो, त्या मुलीची नोकरी जातेय!"

"नोकरी?" अनंताने बावचळून पाहिलं. मग त्याला वाटलं, शहरातला माणूस आपल्याकडून काहीतरी काढून घ्यायला बघतोय. त्याने पिशवी खांद्याला अडकवली आणि सायकलवर टांग मारली.

कर्णिक ओट्यावर एकटेच राहिले. बोलक्या माणसाने तोंड शिवलं होतं आणि चहाबाजाने पाणी नाकारलं होतं. पण एक गोष्ट पक्की झाली. कार्ड वाटेत हरवलेलं नव्हतं. ते घरात पोचून गडप झालं होतं.

४

दुपारच्या एस.टी.ने कर्णिक उलव्याच्या फाट्यावर उतरले आणि धुळीच्या वाटेने गावात गेले. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला मिठागरं. फेब्रुवारीचं ऊन पाण्यावर पडून डोळ्यांत घुसत होतं. संजना त्यांना बांधावरच भेटली.

"काकीच्या हातात दिलं?" तिचा विश्वासच बसेना. "काकी माझ्यापासून काही लपवणार नाही, सर. आजवर आलेली सगळी पत्रं मीच तर वाचून दाखवते. जगनदादाची पत्रंही माझ्याच नावावर येतात."

"जगनदादा कोण?"

संजनाने खाडीपलीकडे पाहिलं. जगन हा रंभाकाकीचा एकुलता मुलगा. तीन वर्षांपूर्वी कुवेतला फिटर म्हणून गेला. दर महिन्याला पत्र यायचं. ऑगस्टमध्ये तिकडे इराकचं सैन्य शिरलं आणि पत्रं बंद झाली. विमानं भरभरून माणसं परत आली, त्यांत जगन नव्हता. आता महिनाभर तिकडे लढाई पेटली होती. काकी रेडिओवरच्या बातम्या सुरू झाल्या की भांडी आपटत राहायची, म्हणजे काही ऐकू येऊ नये.

"एकतीस तारखेला, गुरुवारी, काही वेगळं घडलं होतं घरी?"

संजना आठवू लागली. "मी क्लासहून आले तेव्हा चूल थंड होती. पोट बरं नाही म्हणाली. आणि भरदुपारी डोक्यावरून आंघोळ केली होती, केस ओले होते. मी म्हटलं, ताप येईल. तर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तेव्हापासून फार कमी बोलते."

कर्णिकांच्या डोक्यात एकेक गोष्ट जागच्या जागी बसू लागली. एका घराला एक नोकरी. ती संजनाने घेतली, तर जगन उद्या हात हलवत परत आला तरी त्याच्यासाठी काय उरणार? पुतणी झाली म्हणून काय, पोटचा तो पोटचा. उत्तर स्वच्छ होतं, आणि ते सापडल्याचा कर्णिकांना काडीचाही आनंद झाला नाही.

रंभाकाकी मिठाच्या वाफ्यात उभी होती. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पाय मिठाने भेगाळलेले. दोघांना येताना पाहून तिने हातातलं फावडं खाली ठेवलं.

"काकी," कर्णिक म्हणाले, "कंपनीतून आलोय. एकतीस तारखेला अनंताने दिलेलं कार्ड तुमच्याकडे आहे?"

ती खोटं बोलली नाही. "हाय."

"मला द्या."

"नाय." तिचा आवाज अचानक चढला. "ते कार्ड मी कुनाला दावनार नाय. तुमी कंपनीचे असा नायतर सरकारचे. मी जित्ती हाय तवर ते कुनी वाचनार नाय."

"पण का? काकी, हे तुम्ही मुलासाठी करताय का?"

रंभाकाकीने खाली ठेवलेलं फावडं पुन्हा उचललं आणि दोन्ही हातांनी दांडा गच्च धरला.

"माज्या जगनसाटीच करते," ती म्हणाली. "आनखी कुनासाटी करू?"

संजना मागे उभी राहून ऐकत होती. ती वळली आणि बांधावरून एकटीच चालत गावाकडे निघाली. रंभाकाकी तिच्या पाठीकडे बघत राहिली.

५

पनवेलला वडाळे तलावाजवळ कर्णिकांची एक खोली होती. संध्याकाळी त्यांनी स्टोव्ह पेटवला, भात टाकला आणि एका माणसाला लागते तेवढीच डाळ चढवली. एका माणसाचा स्वयंपाक फार लवकर होतो. मग वेळ उरतो, आणि त्या वेळाचं काय करायचं हे तीन वर्षांत त्यांना समजलं नव्हतं.

प्रकरण सुटलं होतं. तरी ते ताट पुढ्यात घेऊन नुसता भात चिवडत होते. कुठेतरी हिशेब चुकला की कारकुनाला जसं होतं, तसं त्यांना होत होतं.

काकीने जागा मुलासाठी राखली म्हणावं, तर तिने भरदुपारी डोक्यावरून आंघोळ का केली? अनंताने पाणी का नाकारलं? त्याला नोकरीचं नाव काढताच तो बावचळला का? आणि स्नेहाची आई उंबऱ्याबाहेर का बसली होती? आनंद झालेली बाई घरात पळते, देवापुढे साखर ठेवते. उंबऱ्याबाहेर बसून पदर डोळ्यांना लावत नाही.

मग त्यांना एकदम जे दिसायला हवं होतं ते दिसलं. ते ताटावरून उठून उभे राहिले.

रंभाकाकीला वाचता येत नाही. अनंताने वाचून दाखवलं नाही. संजनाने कार्ड पाहिलं नाही. मग ते कार्ड नोकरीचं आहे, हे काकीला कळलं कसं?

कळलंच नव्हतं! ज्या जागेचं नाव तिला ठाऊक नाही, ती जागा ती कोणासाठी कशी राखेल? काकी वेगळंच काहीतरी लपवत होती. पण अक्षरओळख नसलेल्या बाईने त्या कार्डात असं काय पाहिलं?

उदयसिंहांना दोन ओळी लिहून मुदत मागावी म्हणून त्यांनी फडताळावरचा पत्र्याचा डबा काढला. शोभा त्यात पोस्टकार्डं ठेवायची. शोभा गेल्यापासून डबा उघडलेला नव्हता, कारण लिहावं असं कोणी उरलंच नव्हतं. वरची काही कार्डं चांगली होती. खाली दोरीने बांधलेली सहा कार्डं होती, कोरीच.

ती पाहिली आणि त्यांचा हात थांबला.

शोभा गेली त्या दिवशी नातेवाइकांना कळवायला त्यांनी चाळीस कार्डं आणली होती. शेजारच्या म्हाताऱ्याने सांगितलं, तसं आधी सगळ्यांचं ते एक काम उरकलं आणि मग लिहायला बसले. चौतीस गेली. ही सहा उरली. वापरता येत नव्हती आणि टाकवत नव्हती. चांगल्या बातमीला आता ती कधीच चालणार नव्हती, कारण प्रत्येकाचा वरचा कोपरा त्यांनी स्वतःच्या हाताने फाडला होता.

कर्णिक किती तरी वेळ त्या फाटक्या कोपऱ्यांवरून बोट फिरवत बसले. ताटातला भात गार झाला. चोर सापडला होता. तो याच खोलीत बसला होता.

६

गुरुवारी पहिल्या गाडीने ते उलव्याला पोचले. जाताना टपाल कचेरीवरून अनंतालाही सोबत घेतलं. संजना ओट्याच्या एका टोकाला बसली होती, काकी दुसऱ्या. मध्ये चार हातांचं अंतर होतं, आणि रात्रभर ते तसंच राहिलं होतं हे दोघींच्या तोंडांवर दिसत होतं.

"काकी," कर्णिक म्हणाले, "काल मी तुमच्यावर खोटा आळ घेतला. चूक माझी आहे. सगळीच."

त्यांनी खिशातून शोभाच्या वेळचं एक कार्ड काढून उंबऱ्याबाहेर, दगडावर ठेवलं. फाटक्या कोपऱ्याचं.

"तुमच्या हातात असंच कार्ड आलं होतं ना?"

रंभाकाकी एकदम मागे सरकली. अनंताने मान खाली घातली.

"कोपरा गेलेलं कार्ड म्हणजे मयताची बातमी," कर्णिक संजनाला म्हणाले. "हे तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. असं कार्ड घरात नेत नाहीत. बाहेरच वाचतात, वाचून फाडतात, आंघोळ करतात. अनंताने कार्डाचा कोपरा पाहिला आणि वाचलंच नाही. ज्या घरात आपण मरण टाकलं, तिथलं पाणी कसं पिणार? म्हणून तो तसाच निघून गेला."

"खरं हाय," अनंता पुटपुटला. "संजनाच्या नावावर कार्ड. जगनची पत्रं तिच्याच नावावर येतात. मना वाटलं, कुनी सोबत्यानं मुंबईला उतरून कलवलं. कसा वाचू मी? त्या पोराला मी खांद्यावर घेतलेलं."

"स्नेहाची आईसुद्धा त्यामुळेच रडली. पण स्नेहा जवळच होती, तिने लगेच वाचलं आणि भूत पळालं. इथे वाचणारं कोणी नव्हतं."

संजना काकीकडे बघत होती. "मी संध्याकाळी आले होते ना काकी. मला का नाही दिलंस?"

रंभाकाकी जमिनीकडे बघून बोलू लागली, जणू ओट्यावर दुसरं कोणी नव्हतंच.

"तू वाचलं आसतंस तर तो गेला आसता. वाचलं नाय तवर तो हाय. मी आंगोल केली, म्हटलं गेला आसंल तर त्याला सुतकाविना नको ठेवायला. पन कार्ड फाडलं नाय, म्हटलं नसंल गेला तर? पंधरा दिस मी अशीच हाय. धड रडता येत नाय, धड जेवता येत नाय. कुनाला सांगू? सांगितलं का खरं होनार."

संजनाने ते चार हातांचं अंतर ओलांडलं आणि काकीच्या पायांपाशी बसली. तिला रडू आवरत नव्हतं, आणि नोकरी कुठल्या कुठे राहिली होती.

"काकी, ते कार्ड आणा," कर्णिक म्हणाले. "त्यात मरण नाहीये. मीच लिहिलंय ते."

कार्ड घरात नव्हतंच. मिठागराच्या बांधावर अवजारांची झोपडी होती, तिच्या पायाच्या दगडाखाली प्लास्टिकच्या पिशवीत ते गुंडाळून ठेवलं होतं. काकीने पिशवीसकट कर्णिकांच्या हातात दिलं आणि डोळे मिटले. कोपरा कात्रीने कापलेला होता, अगदी सरळ. कर्णिकांना आपल्या त्या नीटनेटकेपणाची लाज वाटली. त्यांनी मोठ्याने वाचलं.

"कुमारी संजना घरत यांस. सोमवार दिनांक अकरा फेब्रुवारी रोजी सकाळी अकरा वाजता मुलाखतीस मूळ प्रमाणपत्रांसह हजर राहावे."

"फुडं?" काकीने डोळे न उघडताच विचारलं.

"पुढे माझी सही."

"जगनचं?"

"जगनचं एक अक्षरही नाही."

"काय बी नाय?"

"काहीच नाही, काकी."

रंभाकाकी बांधावर बसली. आधी ती हसली, मग पंधरा दिवसांचं साठलेलं सगळं रडली. अनंता लांब जाऊन सायकलीची साखळी उगाच बघत बसला.

"मंग मी आता पुन्ना वाट बघायला मोकली," ती पदराने तोंड पुसत म्हणाली. मग तिचं लक्ष संजनाकडे गेलं आणि चेहरा काळवंडला. "पन पोरी, तुजा तो सोमवार तर मीच बुडवला."

"काकींनी नाही," कर्णिक म्हणाले. "मी बुडवला. तो मीच परत आणणार."

त्याच दुपारी त्यांनी उदयसिंहांच्या टेबलावर ते कार्ड, नोंदवहीचं पान आणि एक लेखी कबुली ठेवली. 'उमेदवार गैरहजर राहण्यास केवळ माझी कार्यपद्धती कारणीभूत आहे.' बारा कोपरे नावांसमोर रांगेत डकवलेले होते. बारा घरांना त्यांनी सुतक पाठवलं होतं आणि त्याचा पुरावाही नेटकेपणाने जपून ठेवला होता.

उदयसिंहांनी दोनदा वाचलं. "कर्णिक, हे तुमच्या सेवापुस्तकात चढेल. एकोणतीस वर्षांत पहिलीच नोंद."

"चढवा," कर्णिक म्हणाले.

"अहो, पण कोपऱ्याचा अर्थ तुम्हाला माहीत होता ना? मग कापताना लक्षात कसं आलं नाही?"

कर्णिकांनी पानावरच्या बारा कोपऱ्यांकडे पाहिलं. "कचेरीत कोणी मरत नाही साहेब. तिथे नुसते कागद असतात, असं वाटायचं मला."

शुक्रवारी सकाळी संजनाची मुलाखत झाली. चारला यादी गेली तेव्हा तिचं नाव पहिलं होतं. स्नेहाचं नाव पाचवं, यादीबाहेर. ती बातमी कर्णिक स्वतः लाईन आळीत जाऊन सांगून आले. स्नेहा म्हणाली, "बरं झालं," आणि मग दार लावून घेतलं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

मार्चच्या मध्यावर संजनाचं नेमणूकपत्र निघालं. कर्णिकांनी वहीत नोंद केली आणि कार्ड अख्खंच्या अख्खं पेटीत टाकलं. अनंताने नंतर सांगितलं, म्हातारीने ते हातात घेतलं, आधी चारही कोपरे बोटाने चाचपले, मग घरात नेऊन देवापुढे ठेवलं. तो तीन कप चहा प्याला म्हणे.

लढाई संपली होती. जगनचं पत्र आलं नव्हतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कर्णिक कचेरीतून घरी आले, तर दाराच्या फटीतून एक कार्ड आत पडलेलं होतं. तीन वर्षांत त्यांना आलेलं हे पहिलं. त्यांनी ते उचललं, आणि वाचण्याआधी नकळत चारही कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला. अक्षर संजनाचं होतं, बोलणं काकीचं.

'रविवारी जेवायला या. कोळंबी करते. जगनचं पत्र अजून नाय. दोघी वाट बघतो, तिसरं मानूस आसलं तर बरं वाटंल.'

कर्णिकांनी दारातच उभं राहून ते दोनदा वाचलं. मग पत्र्याचा डबा खाली काढला, वरचं एक धड कार्ड घेतलं आणि उभ्याउभ्याच लिहिलं, 'येतो.'